खडकाळ किनाऱ्याची दिवसभराची वाट: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

डोंगरात वाट चुकली तर बहुतेक वेळा आल्या वाटेने मागे फिरता येतं. किनाऱ्यावर ती सोय गृहीत धरू नका. सकाळी ज्या खडकांवरून आलात, ते दुपारी पाण्याखाली असू शकतात.

हे मला एका दिवसात नीट समजलं. आम्ही दोघं एका भूशिराला खालून वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर गेलो होतो. ओहोटीचा तळ साडेदहाचा होता. सव्वाअकराला वळसा घातला तेव्हा टोकाशी घोटाभर पाणी होतं. डबा खाल्ला, जरा आडवे झालो. सव्वा वाजता परत त्या टोकाशी आलो तर पाणी कमरेच्या वर, आणि दर लाटेला छातीपर्यंत. पाठीमागे सरळ उभा कडा. भरतीची रेघ खडकावर जिथवर दिसत होती, तिच्या वरच्या एका कातळावर आम्ही चढून बसलो. वाट मोकळी झाली रात्री साडेआठला. दोघांपैकी एकाकडेच टॉर्च होती.

म्हणून या लेखात पाण्याच्या वेळांबद्दल पुष्कळ आहे आणि सामानाबद्दल थोडं.

तारीख ठरवण्याआधी: भरती-ओहोटीचं कोष्टक

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे उद्याची भरती आजच्यापेक्षा जवळपास 50 मिनिटं उशिरा येते. गेल्या शनिवारी कुणी तरी सकाळी दहाला सहज पार झालं, म्हणून या शनिवारी दहाला तुम्हीही व्हाल असं नाही. आठवडाभरात चित्र जवळजवळ उलटं झालेलं असतं.

दुसरी गोष्ट चंद्राची. अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण असतं: भरती खूप वर चढते आणि ओहोटी खूप खाली जाते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. नवख्या माणसाला वाटतं की उधाणाचे दिवस टाळावेत आणि भांगात जावं. गोष्ट इतकी सरळ नाही. काही भूशिरांचा वळसा फक्त उधाणाच्या ओहोटीतच उघडा पडतो, भांगात तिथलं पाणी पुरेसं खाली उतरतच नाही. पहिल्या भटकंतीसाठी माझा सल्ला मात्र ठाम आहे: अशा जागा असलेली वाट घेऊच नका. कड्याच्या माथ्यावरून जाणारी पर्यायी वाट जिथे आहे, तीच घ्या.

पाण्याची चढउतार किती, हेही जागेनुसार बदलतं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात ती 16 मीटरपर्यंत जाते, भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर अर्ध्या मीटरच्या आतच राहते. म्हणून एका किनाऱ्यावरचा अनुभव दुसऱ्या किनाऱ्यावर चालेलच असं नाही. ज्या जागी जाणार आहात तिथल्या सर्वांत जवळच्या बंदराचं कोष्टक काढा आणि त्यातली वेळ कुठल्या घड्याळाची आहे तेही बघा. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात आणि छापील कोष्टकात तो तास कधी कधी धरलेला नसतो. एका तासाची चूक इथे फार महागात पडते.

किती महागात, ते बाराव्या हिश्शाच्या नियमाने कळतं. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत साधारण सहा तास लागतात. पाणी एकूण जेवढं चढतं त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी चढतं. चढउतार 4 मीटरची असेल तर तिसऱ्या तासात पाणी एक मीटर वर येतं. किनारा उतरता असेल, समजा 50 मीटर चाललं की एक मीटर उतार, तर त्या एका तासात पाण्याची कड 50 मीटर आत सरकते. आमचं नेमकं हेच झालं. पहिल्या तासात पाणी हललंच नाही असं वाटलं, त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो, आणि तिसऱ्या तासाने आमची वाट बंद केली.

या नियमातून एक सोपा हिशोब निघतो. सखल भागातून जायचं असेल तर ओहोटीच्या तळाच्या आधी तिथे पोचा, नंतर नाही. पाणी उतरत असताना तुम्ही शिरलात आणि कुठे अडलात, तर पुढची वेळ तुमच्या बाजूची असते. तळाच्या दोन तास आधी शिरा आणि तळाच्या वेळेला बाहेर पडा.

कोष्टकातले आकडे मात्र साधारण हवेसाठी काढलेले असतात. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर वर येतो, आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे जोरात वाहत असेल तर त्यात आणखी भर पडते. वादळी हवेत कोष्टकात दाखवलेली ओहोटी प्रत्यक्षात तेवढी उतरत नाही.

वाट निवडणं आणि वेळेचा हिशोब

नकाशावर किनारा सपाट दिसतो. समुद्रसपाटीजवळून चालायचंय, चढ कितीसा असणार, असं वाटतं. खडकाळ किनाऱ्याची वाट मात्र प्रत्येक ओढ्याच्या मुखाशी खाली उतरते आणि पलीकडे पुन्हा तेवढंच चढते. इंग्लंडमधल्या 1,014 किलोमीटर लांबीच्या साउथ वेस्ट कोस्ट पाथवर एकूण चढ साधारण 35,000 मीटर भरतो, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळपास चौपट. आणि ती वाट कुठल्याही डोंगराच्या शिखरावर जात नाही.

वेळ काढण्यासाठी स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला नियम अजून वापरतात: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. समजा वाट 16 किलोमीटरची आहे आणि एकूण चढ 700 मीटर. चालण्याचे सव्वातीन तास, चढाचा सव्वा तास, म्हणजे साडेचार तास. हा हिशोब चालायची सवय असलेल्या माणसाचा आणि बऱ्या वाटेचा आहे. खडकांवरून, वाळूतून, पहिल्यांदा जाताना त्यात निम्मी भर घाला, मग थांबण्याचा वेळ धरा. आठ तास होतात. पहिल्या वेळेला 16 किलोमीटरसुद्धा मला जास्त वाटतात, 10 ते 12 पुरेत.

नकाशा समोर ठेवून दोन गोष्टींवर खुणा करा. एक, सुटकेच्या वाटा: कुठून वर चढून रस्त्याला किंवा वस्तीला लागता येतं. दोन सुटकेच्या वाटांमध्ये चार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर पहिल्यांदा ती वाट नको. दुसरी, अडचणीच्या जागा: खाडीचं मुख, ओढा, पाण्यालगतचा वळसा. प्रत्येक जागेपुढे तिथे जास्तीत जास्त किती वाजेपर्यंत पोचायला हवं ती वेळ लिहा. उशीर झाला तर ती जागा ओलांडायची नाही, आधीच्या सुटकेच्या वाटेने वर जायचं. हे घरी बसून ठरवा. दमलेल्या पायांनी उभं राहून ठरवायला गेलात, तर तुम्ही स्वतःला हमखास समजावता की एवढंच तर पाणी आहे.

आदल्या दिवशी: वारा आणि लाटा

पाऊस आहे की नाही हे सगळेच बघतात. किनाऱ्यावर त्याहून महत्त्वाचा वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, आणि भूशिराच्या टोकावर वारा नेहमीच आतल्यापेक्षा जास्त असतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा जोराचा वारा कड्याच्या कडेवर सर्वांत वाईट, कारण तो तुम्हाला बाहेर ढकलतो.

लाटांच्या अंदाजात दोन आकडे असतात, उंची आणि दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत. लोक उंची वाचतात आणि सेकंद सोडून देतात. दोन मीटरच्या लाटा सहा-सहा सेकंदांनी येत असतील तर समुद्र नुसता खवळलेला दिसतो. त्याच दोन मीटरच्या लाटा पंधरा सेकंदांनी येत असतील, तर त्या दूरच्या वादळातून आलेल्या असतात, पाणी शांत भासतं आणि लाट मात्र खडकावर खूप वर चढते. शिवाय अंदाजात दिलेली उंची ही मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या दुप्पटही येते.

सॅकमध्ये काय

पाणी दर तासाला अर्धा लिटर, ऊन असेल तर त्याहून जास्त. किनाऱ्यावर सगळीकडे पाणी दिसतं आणि पिण्याजोगं क्वचितच मिळतं. ओढ्याच्या मुखाशी भरतीचं खारं पाणी मिसळलेलं असतं. सोबत ओआरएसची दोन पाकिटं. घोट्याला आधार देणारे, तळवा खोल खाचांचा असलेले आणि आधी वापरून पायाला बसलेले बूट. मोज्यांचा जादा जोड. प्रत्येकाची स्वतःची टॉर्च आणि शिट्टी. चार्ज केलेला फोन जलरोधक पिशवीत, आणि कागदावरचा नकाशा वेगळ्या पिशवीत. पट्टी, चिकटपट्टी, चिमटा. वारा अडवणारं जाकीट उन्हाळ्यातसुद्धा, कारण भिजून वाऱ्यात बसायची वेळ आली की हुडहुडी लवकर भरते.

टोपी नाडीची घ्या. ऊन वरूनच लागतं असं नाही: कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे 15 टक्के परत फेकते आणि लाटांचा फेस 25 टक्क्यांपर्यंत. हनुवटीखाली, कानामागे आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही क्रीम लावा.

निघण्यापूर्वी घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला वाट, सोबतचे लोक आणि परतीची वेळ लिहून पाठवा. त्या वेळेनंतर किती थांबून कुणाला फोन करायचा, हेही लिहा. परतल्यावर त्याला कळवायला विसरू नका.

चालताना: पाय कुठे ठेवायचा

खडकाचा रंग वाचता आला तर निम्म्या घसरण्या टळतात. ओहोटीला एखाद्या खडकाकडे नीट बघा, त्यावर आडवे पट्टे दिसतील. सर्वांत वरचा कोरडा, राखाडी किंवा पिवळसर भाग भरतीच्या पाण्याबाहेरचा असतो, तिथे पाय धरतो. त्याखाली एक काळा पट्टा असतो, जणू कुणी डांबर फासलंय. लाटांचे तुषार जिथवर पोचतात तिथे सूक्ष्म शेवाळं आणि दगडफूल वाढून तो तयार होतो. कोरडा असताना त्यावर काही वाटत नाही, ओला झाला की तो काचेसारखा होतो. मी पाहिलेल्या बहुतेक पडझडी याच पट्ट्यावर झाल्या, कारण तो काळ्या दगडासारखाच दिसतो आणि माणूस सावध होत नाही. हिरव्या शेवाळावर निदान भीती तरी वाटते.

काळ्याच्या खाली पांढरट, खरखरीत पट्टा: हे बार्नॅकल, चुन्याचं कवच असलेले खडकाला चिकटलेले छोटे जीव. त्यांच्यावर बुटाची पकड उत्तम बसते, पण हात टेकला तर तळवा सोलून निघतो. कालवांची कवचं तर सुरीसारखी कापतात. म्हणून अशा जागी जुने हातमोजे कामी येतात. शक्य तिथे जिवंत कवचांवर पाय देऊ नका, त्यांचं घर चिरडतं. सर्वांत खाली हिरवं-तपकिरी शेवाळ, तिथे पाय ठेवायचाच नाही.

खडकांवरून उड्या मारत जाऊ नका. एक पाय टेकवा, वजन हळूहळू टाका, दगड हलत नाही ना ते बघा, मग दुसरा उचला. वाळू बुटात गेली की लगेच थांबून झटका, पुढे जाऊन झटकू म्हणू नका. टाचेला नुसतं गरम वाटलं तरी तिथल्या तिथे चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा उपयोग थोडाच.

कड्याच्या कडेला

वरून कडा भक्कम दिसतो, पण लाटा तो खालून पोखरत असतात. गवताची कड पुष्कळदा नुसत्या मुळांवर हवेत लोंबत असते. खाली काय आहे ते वर उभ्या असलेल्याला कळत नाही. कडेला समांतर गेलेली भेग दिसली तर तिच्या जमिनीकडच्या बाजूने, चांगलं लांबून जा. कडेपासून निदान पाच मीटर आत चाला, वारा असेल तर आणखी आत. फोटोसाठी मागे सरकत जाणं हा अपघाताचा सरळ मार्ग आहे: आधी थांबा, मग फोन काढा.

खालून जातानाही कड्याच्या पायथ्याशी जेवायला बसू नका. सावली असते हे खरं, पण ताजे, स्वच्छ फुटलेले दगड आसपास पडलेले दिसले तर ते वरूनच आलेले आहेत. पाऊस पडून गेल्यावरचे दिवस यासाठी जास्त धोक्याचे.

पाण्याजवळ

खडकावरून लाटा बघायला उतरायचं असेल तर आधी दूर उभं राहून पंधरा मिनिटं नुसतं बघा. लाटा झुंडीने येतात. बराच वेळ लहान लाटा येतात आणि मग तीन-चार मोठ्या एकामागून एक. दर सातवी लाट मोठी असते असं म्हणतात, पण असा ठरावीक आकडा नसतो. उभं राहायच्या जागी खडक ओला असेल तर लाट तिथे आलेली आहे, आणि पुन्हा येईल. समुद्राकडे पाठ करू नका.

कुणी पाण्यात पडलंच, तर मागोमाग उडी मारू नका. असे दुसरे बळी फार जातात. ओरडून सांगा: पाठीवर तरंग, हातपाय कमी हलव. रिकामी बाटली, झाकण घट्ट लावलेला मोठा डबा, फुगवलेली पिशवी, जे तरंगेल ते फेका, एकाला मदत बोलवायला लावा आणि पडलेल्या माणसावरची नजर हटवू नका.

किनाऱ्यावर येऊन पडलेले जेलीफिश मेलेले दिसले तरी दंश करतात. उष्ण समुद्रातले सुंदर नक्षीचे शंकूच्या आकाराचे शंख जिवंत असतील तर त्यांचं विष जीवघेणं असू शकतं. त्यामुळे उचलून बघायची हौस डोळ्यांनीच भागवा. कड्यात पक्षी अंडी उबवत असतील तर वाट थोडी वाकडी करून जा. माणसाला घाबरून पक्षी उडाला की घरटं उघडं पडतं.

ओढ्याचं किंवा खाडीचं मुख हा दिवसातला सर्वांत फसवा भाग. तळ दिसत नसेल, पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा ओढ जाणवत असेल तर आत शिरू नका, वरच्या पुलापर्यंत जा. चिखलाच्या खाडीत तर गुडघाभर पाणी नसतानाही पाय रुततो. रुतलात तर उभं राहून ओढाताण करू नका: मागे टेकून बसा, वजन पसरवा, पाय हळूहळू हलवत सोडवा आणि आल्या बाजूनेच बाहेर या.

मागे फिरण्याची वेळ

निघतानाच एक वेळ ठरवा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी तुम्ही शेवटच्या सुटकेच्या वाटेच्या पलीकडे, सोप्या टप्प्यावर असायला हवं. पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सूर्य कड्यामागे जातो, तिथे अंधार आणखी लवकर पडतो. गटातला सर्वांत हळू चालणारा माणूस पुढे ठेवा आणि वेळ त्याच्याच चालीने मोजा.

आणि तरीही अडकलात, तर पहिलं काम म्हणजे वर चढणं. कडा चढून जायचा नाही. भरतीच्या रेघेच्या वरपर्यंत पोचायचं, बस. ही रेघ ओळखणं सोपं आहे: वाळलेलं शेवाळ, काटक्या आणि प्लास्टिकचा कचरा जिथे ओळीने पडलेला असतो ती गेल्या भरतीची हद्द. त्या काळ्या पट्ट्याच्याही वर बसा. टोकाला वळसा घालून पोहत जायचा मोह होईल, तो आवरा. तळानंतर जेवढ्या वेळाने वाट बंद झाली, पुढच्या तळाच्या तेवढाच वेळ आधी ती साधारण उघडते. आमची पावणेतीन तासांनी बंद झाली होती, आणि पुढचा तळ रात्री अकराच्या सुमाराला होता. म्हणजे सव्वाआठ-साडेआठला मोकळी होणार हे कोष्टक बघून दुपारीच सांगता आलं असतं. ते माहीत असतं तर सात तास नुसतं घाबरत बसावं लागलं नसतं.

फोनला रेंज असेल तर तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा. 112 हा क्रमांक अनेक देशांत चालतो. तुम्ही किनाऱ्यावर अडकला आहात, भरती सुरू आहे, किती जण आहात, कोणी जखमी आहे का, हे आधी सांगा. रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च: मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन इशारे येतात. उत्तर आलं तरी तुमचे इशारे चालू ठेवा, शोधणाऱ्याला दिशा त्यावरूनच कळते.

घरी आल्यावर

बूट गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा. मीठ वाळलं की त्याचे खडे शिवण आणि चामडं कुरतडतात. आत कागद कोंबून सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको. बार्नॅकलने सोललेली जखम साबणाने नीट धुवा, कवचाचा तुकडा राहिला असेल तर चिमट्याने काढा. ती लाल होऊन दुखू लागली तर डॉक्टरांना दाखवा आणि समुद्रात लागलंय हे आवर्जून सांगा.

मग नकाशा उघडून तुम्ही लिहिलेल्या वेळांपुढे खऱ्या वेळा लिहा: कुठे किती वाजता पोचलात, पाणी कुठवर होतं. पुढच्या वाटेचा हिशोब तुमच्या स्वतःच्या चालीवरून करता येईल.